मेरेपलीकडचा माणूस

जुने खरेदीखत हाती आले की आधी चतुःसीमा वाचाव्यात. पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस तमक्याची मेर. सर्व्हे नंबर येण्याआधी गोव्याच्या पेडणे महालातल्या मांद्र्यातली जागा अशी शेजाऱ्यांच्या नावांनीच ओळखायची. त्यांची नावे घातल्याशिवाय कागद पुरा होत नसे.

ही चाल फार जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीत शिवेचा तंटा तोडायला आधी बोलावतात ते ‘सामंत’, म्हणजे लगतचे जमीनवाले. पुढे हा शब्द मांडलिकांना लागला आणि ‘सावंत’ त्यातूनच आला असे मानतात. पेडणे महाल ज्यांच्या ताब्यात होता ते वाडीचे सावंत भोसले. शेजाऱ्याचा राजा झाला तो असा!

१७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. १८६७ ची त्यांची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि शेजार मीटरात मोजला जाऊ लागला. शेजाऱ्याच्या जागेकडे थेट खिडकी काढायची, तर मधे दीड मीटर सोडा. सामाईक मालमत्तेतला हिस्सा परक्याला विकायचा, तर आधी सहहिस्सेदाराला सांगा. त्याला अंधारात ठेवून विकलात, तर तेवढीच किंमत भरून तो हिस्सा स्वतःकडे घेऊ शके. न सांगणे असे अंगाशी येई.

त्याच अमलाने ‘एडिताल’ही आणले. कोमुनिदादीची, म्हणजे गावकीची, जमीन कोणी कायम पट्ट्याने मागितली, की राजपत्रात निवेदन यायचे. हरकत असेल त्याने तीस दिवसांत कळवावे. निवेदनात चारी दिशांच्या सीमा असत, म्हणून राजपत्र वाचणाऱ्याला आपली मेर ओळखता तरी येई. वाचत किती जण असतील, ते सोडा. मेरेवर उभ्याने सांगायची गोष्ट छापखान्यात गेली ती तेव्हा.

मुक्तीनंतर १९६८ ची जमीन महसूल संहिता आली, मग सर्व्हे आणि एक-चौदाचा उतारा. मोजणीला सर्व्हेअर यायचा असला की लगतच्यांना आजही नोटीस जाते. दगड वीतभर सरकला तरी भांडण, त्यामुळे शेजारी समोर हवाच. पण तीच शेतजमीन सेटलमेंट झोनमध्ये घालायची असेल, तर १९७४ चा नगर व ग्रामनियोजन कायदा बोलतो ‘जनतेशी’. अमेरिकेतल्या १९२६ च्या नमुना झोनिंग कायद्यात लगतच्या वीस टक्के क्षेत्राच्या मालकांनी विरोध केला, तर बदलाला तीन-चतुर्थांश मते लागत. आपल्याकडे लगतच्याला असे वेगळे वजन कधी मिळाले नाही.

२०२२ मध्ये मांद्र्यासह पेडण्यातल्या गावांचा झोनिंग आराखडा मसुदारूपाने आला. लोक उठले, सरकारने तो मागे घेतला. मग २०२३ मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १७(२) आले, प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्यासाठी. त्यात हरकती मागवण्याची पायरीच नव्हती. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. तोवर २०२४ मध्ये झोन बदलण्यासाठी कलम ३९अ दाखल झाले होते. त्यात हरकतींना तीस दिवस आहेत, राजपत्र आहे.

राजपत्रातल्या त्या निवेदनाच्या तक्त्यात अर्जदाराचे नाव असते, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आताचा झोन, मागितलेला झोन. चतुःसीमा नसतात.