मातृभाषेतून लॅटिन संभाषणाकडे : कोमेनियसचा भाषाशिक्षणविषयक प्रयोग

सतराव्या शतकातील युरोपात लॅटिन ही कोणत्याही समाजाची मातृभाषा उरली नव्हती. तथापि विद्यापीठे व चर्च यांचा विद्याव्यवहार बव्हंशी तिच्यातूनच चालत असे. साहजिकच लॅटिन शाळांना वाचनाबरोबर संभाषणही अपेक्षित होते. त्यासाठी अनेक शाळांत मातृभाषा बोलणे हा अपराध ठरवला जाई व तो कळविण्यास मुलांपैकीच हेर नेमला जाई. व्याकरणाचे नियमही बहुधा लॅटिनमध्येच पाठ करावे लागत. म्हणजे जी भाषा येत नाही, तिच्याच द्वारे ती शिकायची!

मोरेव्हियात जन्मलेल्या यान आमोस कोमेनियस (१५९२-१६७०) यांनी नेमके या विसंगतीवर बोट ठेवले. मुलाला वस्तू व तिचे मातृभाषेतील नाव आधी ठाऊक हवे, लॅटिन नाव त्यामागून यावे, अशी त्यांची भूमिका होती. लेश्नो येथे निर्वासित असताना त्यांनी ‘यानुआ लिंग्वारुम रेसेराता’ (१६३१) सिद्ध केले. सुमारे आठ हजार शब्द त्यांनी एक हजार वाक्यांत विषयवार गुंफले. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे. सालामांका येथील आयरिश जेझुइटांचे लॅटिन-स्पॅनिश ‘यानुआ’ १६११ मध्येच निघाले होते.

हंगेरीतील शारोश्पाटक येथे (१६५०-५४) वर्गातील प्रत्यक्ष अडचणी पुढे आल्या. तेथे त्यांनी ‘यानुआ’मधील आशय नाट्यरूपात आणून मुलांकडून वदवून घेतला. तेथेच ‘ऑर्बिस पिक्टुस’ आकारास आले. परंतु चित्रे कोरणारा कुशल कारागीर न मिळाल्याने ते १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन-जर्मन रूपात छापले गेले. चित्रातील वस्तूला क्रमांक, तोच क्रमांक दोन्ही भाषांतील शब्दांना. मुळाक्षरेही कावळा, कोकरू अशा प्राण्यांच्या आवाजांतून येतात.

येथे एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. ‘ऑर्बिस’मधील बहुतेक वाक्ये वर्णनपर आहेत, गुरुशिष्यांचा आरंभीचा संवाद वगळता प्रश्नोत्तरे जवळपास नाहीत. अशा वाक्यांनी शब्दसंग्रह वाढेल, पण बोलणे येईलच असे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, संभाषणाची खरी तालीम शारोश्पाटकच्या नाटकांतच झाली. कीर्ती मात्र चित्रपुस्तकाच्या वाट्यास आली.

‘ऑर्बिस’च्या इंग्रजी भाषांतरास एक वर्षही लागले नाही, ते १६५९ मध्ये लंडनमध्ये निघाले. कोमेनियसच्या स्वतःच्या चेक भाषेला मात्र त्यात स्थान मिळाले ते १६८५ मध्ये, लेव्होचा येथील चतुर्भाषिक आवृत्तीत. तोवर त्यांच्या निधनास पंधरा वर्षे उलटली होती.