संप्रेरके आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : प्रस्तावना

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर उलटते. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि बहुधा ऐन उमेदीत, विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. साहजिकच ‘मूल होऊ द्यावे का?’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. एके काळी डॉक्टर त्याला सरसकट ‘नको’ म्हणत. संप्रेरके आणि एमएस यांचा संबंध शोधणाऱ्या विद्याशाखेला खरी चालना मिळाली ती याच प्रश्नातून.

1998 साली क्रिस्तियाँ काँफाव्रू आणि सहकाऱ्यांनी 12 युरोपीय देशांतील 254 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणाआधी आजार वर्षाला सरासरी 0.7 वेळा उचल खाई. शेवटच्या तिमाहीत हे प्रमाण 0.2 वर आले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत 1.2 वर गेले. मग गरोदरपणात नेमके काय बदलते, याचा शोध सुरू झाला आणि लक्ष गेले ते वारेत भरपूर तयार होणाऱ्या इस्ट्रिऑल या संप्रेरकाकडे.

लॉस एंजेलिसच्या रोंडा व्होस्कुल यांनी 10 रुग्ण स्त्रियांना रोज 8 मिलिग्रॅम इस्ट्रिऑल दिले. ज्यांचा आजार उचल खाऊन ओसरणारा होता, त्यांच्या एमआरआयमधील सक्रिय डाग घटले. औषध थांबवल्यावर पुन्हा वाढले, परत सुरू केल्यावर पुन्हा घटले. पुढे 164 स्त्रियांवरील चाचणीत ग्लॅटिरामर या एमएसच्या प्रस्थापित औषधाच्या जोडीला इस्ट्रिऑल घेणाऱ्यांत उचल खाण्याचे वार्षिक प्रमाण 0.25, तर प्लासिबो घेणाऱ्यांत 0.37 आढळले. मात्र इस्ट्रिऑलचा काहीच परिणाम नसतानाही एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे पावणेआठ टक्के होती. संशोधकांनी आधीच ठरवलेल्या दहा टक्क्यांच्या निकषावर चाचणी उतरली. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या निकषावर उतरली नसती. नव्या वाचकाने असे आकडे थांबून वाचावेत.

याउलट, बाळंतपणानंतरची उचल टाळण्यासाठी प्रोजेस्टिन आणि इस्ट्राडिऑल ही संप्रेरके देऊन पाहिलेल्या युरोपीय चाचणीत फायदा दिसला नाही. टेस्टोस्टेरॉनच्या जेलने मेंदूची झीज मंदावल्याची नोंद आहे, पण ती अवघ्या 10 पुरुषांवरची. ‘ड’ जीवनसत्त्वही शरीरात संप्रेरकासारखेच काम करते. ते रोज 600 ऐवजी 5000 युनिट दिल्याने उचल खाण्यात फरक पडला नाही, असे 2023 च्या अमेरिकी चाचणीत दिसले. तर आजाराच्या अगदी सुरुवातीला, पंधरवड्याला एक लाख युनिट देणाऱ्या 2025 च्या फ्रेंच चाचणीत आजाराची सक्रियता कमी आढळली. म्हणजे कोणते संप्रेरक, किती, कोणाला आणि आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, यावर सारे अवलंबून आहे.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, डॉक्टरांचे आणि रुग्णांच्या नातलगांचेही मनःपूर्वक स्वागत. करण्यासारखे काम इथे पुष्कळ आहे. मात्र आपल्याकडे ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची पुडी औषधाच्या दुकानात सहज मिळते, म्हणून ती मनाने घेत राहू नये. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होते. इस्ट्रिऑलसारख्या इस्ट्रोजेन वर्गातील औषधांनी गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ शकते, काहींनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. संप्रेरके आज तरी एमएसच्या प्रस्थापित औषधांची जागा घेत नाहीत. चालू औषध त्यांच्या भरवशावर कोणीही बंद करू नये.