भूतकाळाचे चालू खाते

बँकेतल्या कारकुनाच्या हातून जगात काही घडत नाही, असे आमच्या सौ.चे मत आहे. तिला मी त्रिएस्तेची गोष्ट ऐकवतो.

१९०७ साली, तेव्हाच्या ऑस्ट्रियातल्या त्या बंदरात, जेम्स जॉइस इटालियन लोकांना इंग्रजी शिकवून पोट भरीत होता. रोमच्या एका बँकेत कारकुनी करून नुकताच परतलेला! इटालियन माणूस 'काल जेवलो'चे इंग्रजी 'आय हॅव ईटन यस्टर्डे' करतो. त्याच्या भाषेत कालचे जेवण 'हॅव' लावूनच सांगतात. इंग्रजीत मात्र 'काल' आला की 'हॅव' बाद. संपले ते साध्या भूतकाळात. 'हॅव'चा धागा आजपर्यंत पोचला पाहिजे.

एत्तोरे श्मित्झ हा त्याचा विद्यार्थी. पंचेचाळिशीचा, जहाजांच्या रंगाच्या धंद्यातला, पूर्वी बरीच वर्षे बँकेत कारकून. 'इटालो स्वेव्हो' या नावाने लिहिलेल्या त्याच्या दोन कादंबऱ्यांना कुणी विचारले नव्हते. लेखन म्हणजे साधा भूतकाळ! मास्तरांनी त्या वाचल्या, वाखाणल्या. १९२३ साली तिसरी आली. पॅरिसमध्ये तिचा बोलबाला मास्तरांनीच केला.

थोडक्यात, बंद खाते पुन्हा चालू झाले.

"माझीही कवितांची वही माळ्यावर आहे," मी म्हटले.

सौ. म्हणाली, "होती."