नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग

प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग हे या विभागाचे पूर्ण नाव. विदर्भ हे त्याचे अभ्यासक्षेत्र आणि उत्खनन ही त्याची खरी ओळख. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचून वाकाटक या प्राचीन राजघराण्याचा इतिहास उभा केला. त्यांचा वाकाटक लेखसंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ताम्रपटांत राजे असतात, दाने असतात. लोहार, कुंभार, मणी घडवणारा कारागीर यांच्यापर्यंत पोचायचे तर माती उकरावी लागते. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली विभागाने ते काम केले.

क्षेत्र दाराशीच होते. नागपूरहून भिवापूरमार्गे रस्ता वैनगंगेकाठच्या पवनीला जातो. तेथे १९६९-७० मध्ये विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर देऊळ उभे होते, त्याखाली बौद्ध स्तूप निघाला. एका स्तंभावर बुद्धकथेतला मुचलिंद नाग कोरलेला आढळला, तोही नावासकट.

नागपूरच्या भोवताली शिलावर्तुळे, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे दगड, विखुरलेली आहेत. शहराच्या पश्चिमेकडील जुनापाणी येथील वर्तुळांवर रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच लिहिले होते. ही लोहयुगीन थडगी, हे कळले होते. पण हे लोक राहत कुठे? १९६८-६९ च्या टाकळघाट-खापा उत्खननाने त्याचे उत्तर दिले. खाप्याला थडगी, शेजारच्या टाकळघाटला वस्ती, आणि दोन्हीकडे तीच काळी-तांबडी भांडी. विदर्भाच्या प्राचीन इतिहासात या दुव्याइतके मोलाचे शोध थोडे आहेत. पाठोपाठ माहुरझरीला (१९७०-७२) माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले. त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते.

असे वर्तुळ सरसकट खणत नाहीत. त्याचे चार भाग पाडतात आणि मधली पट्टी न खणता ठेवतात, म्हणजे मातीचे थर उभ्या छेदात दिसतात. खापराचा तुकडा पिशवीत जातो तो खड्डा, थर आणि खोली लिहिलेल्या चिठ्ठीसह. चिठ्ठी हरवली तर ते नुसते खापर उरते.

विभागाचा सर्वांत मोठा गुण मात्र लेखनातली तत्परता. देवांनी पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांसोबत १९६७ मध्ये पवनार खणले, त्याचा अहवाल १९६८ मध्ये छापून झाला. टाकळघाट-खापा १९७०, पवनी १९७२, माहुरझरी १९७३. मराठवाडा विद्यापीठाबरोबर १९७३ मध्ये केलेल्या भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये. उत्खननाने जागा कायमची मोडते, म्हणून अहवाल न लिहिणे ही हानीच ठरते. देशात कित्येक उत्खननांचे अहवाल दशकानुदशके रखडले असताना नागपूरची ही शिस्त ठळक उठून दिसते. देव पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालक झाले.

वाढत्या शहराच्या कडेला ही वर्तुळे आजही धोक्यात आहेत. शेतात वा लेआउटमध्ये गोलाकार मांडलेले मोठे दगड दिसले, तर ते हलवू नयेत; पुरातत्त्व खात्याला किंवा या विभागाला कळवावे.