चढणे वेगळे, थांबणे वेगळे : बर्फावरील फोर-व्हील ड्राइव्हचा इतिहास

१/ जानेवारी १९७८. ऑस्ट्रियातील टुराखर ह्योहे हा आल्प्समधील घाट बर्फाने झाकलेला होता. चढ २३ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तेवीस मीटर उंची. या घाटात ऑडीची एक चाचणी-मोटार चाकांना साखळ्या न बांधता, तेही उन्हाळी टायरांवर, वर चढून गेली. मोटारींच्या इतिहासात त्या चढाईची नोंद झाली. तीच मोटार उतारावर किती अंतरात थांबली असती, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/ कथेची सुरुवात एक वर्ष आधीची. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते उत्तर युरोपात नव्या मोटारींची चाचणी घेत होते. त्यांच्यासोबत ‘इल्टिस’ नावाचे एक लष्करी वाहन होते. त्याची शक्ती जेमतेम ७५ अश्वशक्ती. पण बर्फावर त्याने अधिक ताकदीच्या मोटारींना मागे टाकले. कारण एकच : इल्टिसची चारही चाके जमिनीला रेटत होती, इतरांची फक्त पुढची दोन.

३/ चॅसिस विभागातील अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांनी हे हेरले. लष्करी वाहनातील ही युक्ती वेगवान प्रवासी मोटारीत का आणू नये? तांत्रिक विभागाचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी कल्पनेला पाठबळ दिले आणि ऑडी ८० वर आधारित चाचणी-मोटार तयार झाली. टुराखरचा घाट चढली ती हीच.

४/ कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. ब्रिटनच्या ‘जेन्सन एफएफ’ (१९६६) या मोटारीत हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीची फोर-व्हील ड्राइव्ह यंत्रणा होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चाके जाम होऊ न देणारी ‘मॅक्सारेट’ ही विमानांसाठी विकसित झालेली ब्रेक-यंत्रणाही तिच्यात होती. चालण्याचा आणि थांबण्याचा विचार तेथे एकत्र झाला होता. परंतु मोटार महाग होती. एकूण ३२० च बनल्या.

५/ जपानमध्ये गरज वेगळी होती. ईशान्येकडील हिमाच्छादित तोहोकू प्रदेशात वीज कंपनीच्या कामगारांना हिवाळ्यातही डोंगरातील वीजवाहिन्यांपर्यंत पोहोचावे लागे. जीप सर्व बाजूंनी उघडी आणि थंड. त्यांना हवी होती बंदिस्त मोटार. त्या मागणीतून झालेल्या प्रयोगांनंतर १९७२ मध्ये सुबारूची चारचाकी शक्तीची ‘लिओन’ इस्टेट व्हॅन बाजारात आली. येथे प्रश्न शर्यतीचा नव्हता, कामावर पोहोचण्याचा होता.

६/ ऑडीपुढे आता एक अडचण होती. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असतील, तर बर्फावर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या रस्त्यावर ती सोय नसते. मोटार स्वतःशीच झगडू लागते आणि वळताना उड्या मारते. असे सांगतात की, पीएख यांच्या पत्नीने चाचणी-मोटार व्हिएन्नात नेली तेव्हा नेमकी हीच तक्रार केली.

७/ उपाय सापडला तो गिअरबॉक्सच्या आत. फ्रान्झ टेंगलर यांनी २६.३ सेंटिमीटर लांबीचा एक पोकळ दांडा योजला. त्याच्या टोकाशी मधला डिफरन्शिअल. तेथून एक वाटा मागच्या चाकांकडे जातो. दुसरा पोकळीतून जाणाऱ्या दांड्याने पुढे परततो. जड, वेगळ्या ट्रान्सफर-बॉक्सची गरजच संपली. ३ मार्च १९८० रोजी जिनिव्हा येथे २०० अश्वशक्तीची ‘क्वाट्रो’ जगासमोर आली.

८/ जानेवारी १९८१, माँटे कार्लो रॅली. फिनलंडचे हानू मिक्कोला बर्फाळ घाटांतून क्वाट्रो अशी हाकत होते की, प्रतिस्पर्धी मिनिटांनी मागे पडले. पण अपघात झाला आणि ते स्पर्धेबाहेर गेले. ती रॅली जिंकली झाँ राग्नोती यांनी, फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती देणाऱ्या रेनोमधून. पुढच्याच महिन्यात स्वीडनच्या हिमात मात्र मिक्कोला विजयी झाले. त्याच वर्षी सानरेमो येथे क्वाट्रो चालवणाऱ्या मिशेल मूतों या जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

९/ १९८४ च्या माँटे कार्लोत पहिले तिन्ही क्रमांक ऑडीचे होते. बर्फावर चार चाकांना तोड नाही, हे सिद्ध झाले होते. १९८६ मध्ये एका जाहिरातीत ऑडी १०० फिनलंडमधील काइपोला येथील स्की-उडीचा उतार उलट दिशेने चढून गेली. बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट ठसली : ही मोटार बर्फाला जुमानत नाही.

१०/ येथे भौतिकशास्त्राकडे वळावे लागते. इंजिनाची शक्ती चार चाकांत विभागली, तर प्रत्येक चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरत नाही. म्हणून मोटार निघते, चढते. पण ब्रेक? ते साध्यातल्या साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. थांबताना फोर-व्हील ड्राइव्हला कोणतीही अधिकची पकड मिळत नाही. वेगात वळताना बाजूला घसरणेही टळत नाही.

११/ आकडे बोलके आहेत. कोरड्या डांबरावर घर्षणांक सुमारे ०.८ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगातील मोटार ब्रेक दाबल्यावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर तो ०.१ च्या आसपास असतो. तेव्हा अंतर जवळपास १०० मीटर होते. किती चाकांना शक्ती मिळते, याचा या हिशोबात उल्लेखही नाही.

१२/ धोका आणखी सूक्ष्म आहे. दोन चाकांची मोटार निघतानाच घसरते आणि चालकाला आधीच सावध करते. चार चाकांची मोटार निमूटपणे वेग घेते. रस्ता किती निसरडा आहे, हे चालकाला बहुधा पहिल्या ब्रेकला कळते, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.

१३/ थांबण्याचे उत्तर यंत्रात नव्हते, रबरात होते, आणि ते फार आधीच सापडले होते. ज्या फिनलंडच्या चालकाने क्वाट्रोला जिंकवले, त्याच देशात १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाला. १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ आला. थंडीतही मऊ राहणारे आजचे रबर आणि दाट खाचा बर्फाला धरून ठेवतात. स्वीडनने १९९९ पासून, रस्ते हिवाळी स्थितीत असताना १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे केले. फोर-व्हील ड्राइव्हला त्यातून सूट नाही.

१४/ हा इतिहास दूरचा वाटतो, पण तो मनालीपर्यंत येतो. बर्फ पडला की अटल बोगद्याच्या दिशेने पोलीस अनेकदा फक्त ‘फोर बाय फोर’ वाहने सोडतात, आणि त्या रांगेत महाराष्ट्रातून गेलेले पर्यटकही असतात. आपल्याकडे त्या वाहनांना हिवाळी टायर क्वचितच असतात. चढ सहज पार होतो. कसोटी लागते परतीच्या उतारावर. तेथे खालचा गिअर, पुढच्या वाहनापासून मोठे अंतर आणि चाकांना साखळ्या, एवढेच कामी येते.

१५/ टुराखरच्या घाटातील ती चढाई खरी होती आणि अभियांत्रिकीचा विजयही खरा होता. पण तो चढण्याचा विजय होता. बर्फावर माणूस घरी सुखरूप परततो तो वेळीच थांबता आल्यामुळे, आणि ते ठरवतात टायर, वेग व चालकाचा संयम. (समाप्त)