स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाचे अस्सल साधन

क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन होय. त्याच्या शोधाचा वृत्तांत दीर्घकाळ उत्तरकालीन कथनांवरून सांगितला गेला. बखर व समकालीन कागद ह्यांत विरोध आल्यास कागद प्रमाण मानावा, हा आपला नियम ह्या प्रकरणासही लावून पाहणे उचित होय.

अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन ह्यांच्या हाताखाली आल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी संशोधन करीत होता. त्याच्या प्रयोगवहीत २३ ऑगस्ट १९४३ ह्या तारखेस अकराव्या प्रयोगाची स्वहस्ते केलेली नोंद आहे. औषध देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे दोन वाण त्यास मिळाले. एक खतावलेल्या मातीतून, दुसरा कोंबडीच्या घशातून. जानेवारी १९४४ च्या पहिल्या निबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूजी व वॅक्समन अशी क्रमाने नावे आहेत. १९४८ साली मिळालेले पेटंट शॅट्झ व वॅक्समन ह्या दोघांच्या नावे आहे; त्यात ब्यूजीचे नाव नाही.

पुढे प्रसिद्धीत शिष्याचे नाव मागे पडले. मार्च १९५० मध्ये शॅट्झने दावा लावला. डिसेंबरात तडजोड होऊन तो सहशोधक ठरला व स्वामित्वधनाचा शेकडा ३ हिस्सा त्यास मिळाला. तथापि १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन ह्यांस देण्यात आले. विद्यापीठाच्या दप्तरातील ह्या वहीच्या आधारे पीटर प्रिंगल ह्यांनी २०१२ साली हे प्रकरण ग्रंथरूपाने मांडले.

मात्र कागद जेवढे बोलतो तेवढेच त्याच्याकडून वदवावे. वहीवरून हात व तिथी सिद्ध होते, सर्व श्रेय नव्हे. मातीतील सूक्ष्मजीव क्रमाने तपासण्याची पद्धती वॅक्समन ह्यांनी १९३९ पासून चालविली होती. औषधाचा क्षयावरील गुण मेयो क्लिनिकच्या फेल्डमन व हिनशॉ ह्यांनी गिनीपिगांवर व पुढे रुग्णांवर पडताळला. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४८ साली १०७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. जंतू औषधास दाद देईनासे होतात, हेही त्याच चाचणीत दिसून आले.

तात्पर्य, पद्धतीचे श्रेय गुरूचे, प्राप्तीचे शिष्याचे व गुणनिर्णयाचे वैद्यांचे, असा निवाडा उपलब्ध साधनांवरून करावा लागतो. ती वही रद्दीत गेली असती तर हा निवाडा केवळ कथनांवर विसंबला असता. म्हणून प्रयोगशाळांतील जुन्या वह्यांसही संग्राहकांनी दप्तराचाच मान द्यावा.