‘फर्लो’ आणि ‘रजा’

‘हॉलिडे’, ‘व्हेकेशन’ व ‘फर्लो’ या तिन्ही इंग्रजी शब्दांस आपण वर्गात ‘सुट्टी’ हा एकच प्रतिशब्द देऊन मोकळे होतो. वस्तुतः पहिल्याच्या मुळाशी पवित्र दिवस आहे, दुसऱ्याच्या मुळाशी रिकामेपण आहे आणि तिसऱ्याच्या मुळाशी वरिष्ठांची अनुज्ञा आहे. या तिसऱ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

‘फर्लो’ मूळचा डच शब्द. स्पेनच्या सत्तेविरुद्ध नेदरलँड्सने १५६८ ते १६४८ पर्यंत जो लढा दिला, त्यात पुष्कळ इंग्रज सैनिक डचांच्या बाजूने लढले. छावणी सोडून जाण्याच्या परवानगीचा हा डच शब्द त्याच काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्रजीत आला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी स्वदेशी जाण्यासाठी जी दीर्घ रजा घेत, तिलाही हेच नाव मिळाले.

आपल्याकडे तो आज मुख्यतः तुरुंगाच्या संदर्भात ऐकू येतो. मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांत ‘फर्लो’ व ‘पॅरोल’ यांत भेद केला आहे. पॅरोलला आजारपणासारखे निकडीचे कारण लागते. फर्लोला तसे कारण लागत नाही, आणि तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात. कैदी घरी असतो, पण शिक्षा चालूच असते. २०२० साली महामारीत ब्रिटिश सरकारने काम थांबलेल्या नोकरांच्या वेतनाचा ८० टक्क्यांपर्यंत भार उचलला, तेव्हाही हाच शब्द रूढ झाला. तेथेही काम थांबले, नोकरीचे नाते मात्र राहिले.

म्हणून आमच्या मते ‘फर्लो’चा खरा मराठी सोबती ‘सुट्टी’ नव्हे, ‘रजा’ होय. ‘रजा’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ संमती. ‘राजी’, ‘नाराज’, ‘राजीनामा’ ही त्याच कुळातील मंडळी. सुट्टी सर्वांस आपोआप मिळते. रजा मागावी लागते आणि ती देणारा कोणी असावा लागतो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ‘फर्लो’तील मूळ धातू आणि रजा या अर्थाच्या इंग्रजी ‘लीव्ह’मधील धातू एकच, प्रेमवाचक ‘लव्ह’ही त्यातलाच, आणि भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘लुभ्’ धातू त्याच घराण्यात घालतात. अनुज्ञेच्या मुळाशी अशी प्रीती आहे. तेव्हा रजेच्या अर्जावर सही करताना पत्राअखेरीचे आपले ‘लोभ असावा’ आठवले, तर ते व्युत्पत्तीस धरूनच होईल.